बाळाला प्राणवायू किती द्यावा?

श्रोतेहो, नमस्कार.

कमी दिवसांच्या बाळाला प्राणवायू किती द्यावा, हा प्रश्न बालरोगशास्त्राला सत्तर वर्षांहून अधिक काळ छळत आला आहे. आज मी मुख्यतः या एकाच प्रश्नाविषयी बोलणार आहे. वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोग विभागात संशोधनाला कायमची जागा का हवी, हे त्याच्या इतिहासातून फार स्पष्टपणे दिसते.

१९४२ मध्ये बोस्टन येथील नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी अकाली जन्मलेल्या बालकांमध्ये दिसू लागलेल्या एका नव्या अंधत्वाचे वर्णन केले. पुढची काही वर्षे जीवनसत्त्वांपासून प्रकाशापर्यंत अनेक गोष्टींवर संशय घेतला गेला. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी निरनिराळ्या ठिकाणचे अनुभव ताडून पाहिले आणि दोष कदाचित प्राणवायूच्या अतिवापराचा असावा, असे मांडले. ज्या उपचाराने बाळ गुलाबी दिसू लागते, तोच त्याच्या डोळ्यांतील कोवळ्या रक्तवाहिन्यांना घातक ठरत असेल, हे कोणाला सहज पटणार? सुरुवातीच्या एका चाचणीत कमी प्राणवायूच्या गटातील बाळांना रात्रपाळीच्या काही परिचारिका गुपचूप जास्त प्राणवायू देत असत. त्यांना बाळांची खरीच काळजी होती आणि आपण करतो तेच योग्य, अशी त्यांची खात्री होती. म्हणूनच हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. अखेर अमेरिकेतील १८ रुग्णालयांनी १९५३ मध्ये एकत्र येऊन चाचणी हाती घेतली आणि प्राणवायूचा दोष सिद्ध झाला.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. अंधत्वाच्या धास्तीने प्राणवायू सरसकट कमी केला गेला आणि त्याची किंमत श्वासासाठी झगडणाऱ्या बालकांनी मोजली. डोळे वाचलेल्या प्रत्येक बालकामागे सुमारे १६ बालके दगावली असावीत, असा अंदाज १९७३ मध्ये मांडला गेला. योग्य मात्रा नेमकी कोणती, हे ठरवणाऱ्या मोठ्या चाचण्या मात्र एकविसाव्या शतकातच झाल्या. अनेक देशांतील पाच चाचण्यांमधल्या जवळपास ५००० बालकांची माहिती २०१८ मध्ये एकत्रितपणे प्रसिद्ध झाली. रक्तातील प्राणवायूची पातळी ८५ ते ८९ टक्के ठेवलेल्या बालकांमध्ये डोळ्यांवर उपचार करण्याची वेळ कमी आली, पण ९१ ते ९५ टक्के पातळीच्या गटाच्या तुलनेत त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण अधिक होते.

हे उत्तर मिळवायला काय लागले, हे पाहिले की विभागाने काय उभारायला हवे तेही कळते. इतकी लहान बालके एका विभागात पुरेशा संख्येने नसतातच, त्यामुळे अनेक विभागांनी एकाच पद्धतीने नोंदी ठेवणे भाग असते. खरा परिणाम घरी जाताना दिसत नाही. मूल दीड-दोन वर्षांचे झाल्यावर ते पाहते कसे, ऐकते कसे, चालते कसे, हे तपासावे लागते आणि त्यासाठी त्या कुटुंबाशी संपर्क टिकवणारी माणसे लागतात. संख्याशास्त्रज्ञाला माहिती गोळा झाल्यावर बोलावण्याची सवय मला चुकीची वाटते, कारण किती बालके लागतील आणि तुलना कशाशी करायची, हे त्याच्याशी बोलून आधीच ठरायला हवे. पदव्युत्तर प्रबंधही दरवर्षी नव्या विषयावर लिहून कपाटात जाण्याऐवजी एकाच मोठ्या प्रश्नाचे पुढचे पाऊल ठरू शकतात. आणि ज्या डॉक्टरांकडून संशोधनाची अपेक्षा आहे, त्यांना आठवड्यातील काही तास रुग्णसेवेतून खरोखर मोकळे मिळाले पाहिजेत. बाह्यरुग्ण विभाग आटोपल्यावर उरलेल्या थकव्यात असे काम होत नाही.

पालकांच्या संमतीचा प्रश्न तितकाच गंभीर आहे. या पाचपैकी अमेरिकेतील चाचणीच्या संमतिपत्रांत अंधत्वाच्या आणि मृत्यूच्या धोक्याची पुरेशी कल्पना दिली नव्हती, असा आक्षेप तेथील सरकारी देखरेख यंत्रणेने २०१३ मध्ये घेतला आणि त्यावर मोठा वाद झाला. दोन्ही पातळ्या तेव्हा प्रचलित उपचारांच्या मर्यादेतच होत्या, हे चाचणीच्या समर्थकांचे म्हणणे खरे आहे. तरीही माझ्या मते, बाळाची पातळी डॉक्टरांच्या निर्णयाऐवजी चिठ्ठी टाकल्यासारखी ठरणार आहे आणि त्याचा परिणाम जिवावरही होऊ शकतो, हे आईवडिलांना त्यांच्या भाषेत, विचार करायला वेळ देऊन सांगितलेच पाहिजे.

तेव्हा आपल्या बाळाला एखाद्या अभ्यासात घेण्याविषयी विचारणा झाली, तर निःसंकोचपणे विचारा: या प्रश्नाचे उत्तर आज खरोखर अज्ञात आहे का? माझ्या बाळाच्या उपचारात नेमका काय फरक पडेल? आम्ही नको म्हटले, तर त्याची देखभाल तशीच होईल ना? आणि अभ्यास संपल्यावर निष्कर्ष आम्हाला कोण कळवणार आहे?