खाऱ्या हवेतली सायकल

[दृश्य : रायबंदरचा फेरी धक्का. बोटीचा रॅम्प खाली येतो. स्कूटरींच्या गर्दीतून दोन सायकली बाहेर पडतात.]

निवेदन :
इथे गोव्यात मांडवी नदीला भरती-ओहोटी आहे, पाणी खारं आहे. फेरीबोटीच्या लोखंडी तळावर साचलेलं हे पाणी चाकांना लागतं. पलीकडे चोडण बेटावर खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठच्या सखल शेतीच्या, बांधावरून गेलात की त्यावर चिखल चढतो. घरी पोचेपर्यंत दोन्ही वाळून जातं. चिखल दिसतो, म्हणून तो पुसला जातो. मीठ तसंच राहतं.

हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच विरघळू लागतं. किनाऱ्यावर अशा रात्री फक्त पावसाळ्यातच असतात असं नाही. त्यामुळे पडवीत नुसती उभी असलेली सायकलही रात्रभर गंजत असते. आठवड्यातून एकदा धुणं घाटमाथ्यावर पुरेल. मिरामारच्या किंवा कळंगुटच्या वाळूतून आलेल्या सायकलीला मात्र त्याच संध्याकाळी गोडं पाणी हवं.

[दृश्य : अंगण. बादली, मग, दोन ब्रश, जुनी सुती फडकी.]

अर्धी बादली पाणी आणि त्यात एक चमचा गाडी धुण्याचा शांपू. भांड्यांचे बरेचसे द्रव साबण दाट करायला त्यांत मीठच घातलेलं असतं, म्हणून ते टाळलेले बरे. पाणी मगाने, वरून खाली ओतायचं. स्कूटर धुणाऱ्याकडच्या प्रेशरच्या फवाऱ्याखाली सायकल कधीच धरू नका. तो फवारा सील ओलांडून हबमध्ये (चाकाच्या मध्यात) आणि बॉटम ब्रॅकेटमध्ये (पेडलच्या दांड्यांच्या मधल्या बेअरिंगमध्ये) पाणी घालतो. आतलं ग्रीस दुधाळ होतं, छर्रे कोरडे फिरतात आणि ते ज्यावर फिरतात त्या ‘कोन’ नावाच्या भागावर बारीक खड्डे पडतात. चाक उचलून हाताने फिरवलं आणि अ‍ॅक्सलला बोट लावून खरखर जाणवली, तर कोन बहुधा बदलावेच लागतील.

धुऊन झाल्यावर सायकल दोन-तीनदा जमिनीवर हलकेच आपटा, फडक्याने पुसा आणि अर्धा तास वाऱ्यावर ठेवा. ओल्या चेनवर तेल सोडलं तर पाणी आतच कोंडतं.

[दृश्य : चेनचा जवळून शॉट. पिनांवर फिरणाऱ्या छोट्या नळ्या, म्हणजे रोलर. त्यांच्या फटीत तांबडी पूड.]

आता चेन. खरं काम इथे आहे. डिचोली, साखळी या गावांकडची तांबडी जांभ्याची धूळ तेलात मिसळली की तिची घासणीची पेस्ट होते आणि ती पिना झिजवते. चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात पट्ट्या लांबत नाहीत. पिना झिजतात, प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई येते आणि ती बेरजेने वाढते.

मोजायला साधी स्टीलची पट्टी पुरते. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरलं की नव्या चेनची पंचविसावी पिन बरोबर 12 इंचांवर येते. गिअरच्या सायकलीत ती दीड मिलिमीटर पुढे सरकली की चेन बदला. तीन मिलिमीटरपर्यंत थांबलात तर मागचे दातेही झिजलेले असतात. त्यांच्यावर नवी चेन जोर लावताच उडते, आणि एका चेनच्या खर्चाऐवजी चेन आणि कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) दोन्हींचा खर्च येतो.

साफ करताना टूथब्रशला थोडं डिझेल घ्या. ते टायरवर, ब्रेक शूवर उडू देऊ नका. डिस्क ब्रेक असेल तर रोटरवर, म्हणजे त्याच्या चकतीवर, फडकं बांधा. मग साबणपाणी, गोडं पाणी, आणि पुन्हा कोरडं फडकं.

तेल प्रत्येक रोलरवर एक थेंब, चेनच्या आतल्या बाजूने. शंभर-सव्वाशे रोलर म्हणजे जेमतेम सहा मिलिलीटर. पेडल उलटं दहा-पंधरा फेरे फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. तेल रोलरच्या आत हवं. बाहेर राहिलेलं फक्त धूळ गोळा करतं. पावसात दाट ‘वेट’ ल्यूब आणि दिवाळीनंतर पातळ ‘ड्राय’ ल्यूब. शिलाई मशीनचं तेल पहिल्याच सरीत धुऊन जातं. खोबरेल मात्र स्वयंपाकघरातच राहू द्या.

[दृश्य : सीट पोस्ट ओढून बाहेर काढताना. पांढरी पूड.]

ही पांढरी पूड अ‍ॅल्युमिनियमच्या गंजाची. स्टीलच्या फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमची सीट पोस्ट आणि मध्ये खारं पाणी, एवढ्यावर वीजरासायनिक क्रिया सुरू होते. पूड फुगते आणि पोस्ट फ्रेमला अशी धरते की शेवटी करवतीने कापावी लागते. दर दोन महिन्यांनी उंचीच्या खुणेला चिकटपट्टी लावा, पोस्ट काढा, सायकल उलटी करून आतलं पाणी निथळू द्या, दोन्ही पृष्ठभाग पुसा आणि ग्रीसचा पातळ थर लावून परत बसवा. पोस्ट किंवा फ्रेम कार्बनची असेल तर ग्रीस नको, त्यासाठी वेगळी पेस्ट मिळते.

ब्रेककडे पाहा. रिम कापडाने पुसा आणि ब्रेक शूमध्ये रुतलेले वाळूचे कण टाचणीने काढा, नाहीतर ते रिमवर चरे पाडत राहतात. ब्रेक दाबून सोडल्यावर लिव्हर सुस्त परतत असेल तर बहुतेक वेळा केबल आउटरच्या (बाहेरच्या नळीच्या) आत गंजलेली असते. तिथे तेल घालून आठवडा निघेल, पण केबल बदलणं स्वस्त आणि खात्रीचं.

पेडलही वर्षातून एकदा काढून आट्यांना ग्रीस लावा. 15 नंबरचा पाना लागतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. घोटाळा नको असेल तर पाना क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) वरच्या बाजूला उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही पेडलं त्याच दिशेने सुटतात.