जिल्ह्याची श्रेणी कळली, पण आपल्या शाळेचं काय?

नमस्कार मंडळी. तुमच्या मुलाच्या शाळेच्या भिंतीवर, नावाच्या खाली, अकरा आकडी एक नंबर रंगवलेला असतो. नीट वाचलाय कधी? आपल्याकडं तो 2734 नं सुरू होतो. 27 म्हणजे महाराष्ट्र, 34 म्हणजे कोल्हापूर, आणि पुढचे आकडे तालुका, गाव करत करत तुमच्या शाळेच्या दारात येतात. हा यूडायस नंबर. चंदगडच्या वाडीतली आठ पोरांची शाळा असो नाहीतर शहरातली मोठी, दिल्लीला ती याच नंबरानं माहीत असते.

या नंबराखाली मुख्याध्यापक दरवर्षी माहिती भरतात. पट किती, शिक्षक किती, मुलींचं स्वच्छतागृह आहे का, वीज आहे का, रॅम्प आहे का. ही माहिती आणि परीक्षांचे गुण एकत्र करून जिल्ह्याची श्रेणी काढतात. पेपरात बातमी आली की मला पालकांचे मेसेज येतात, 'सर, मग आपली शाळा चांगली की वाईट?' मी बरीच वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय, हे फॉर्म स्वतः भरलेत. म्हणून आज हे मोजमाप तुमच्यासमोर उघडून ठेवतो.

(फळ्यावर 600 लिहितो.)

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचा जिल्ह्यांसाठीचा परफॉर्मन्स ग्रेडिंग इंडेक्स एकूण 600 गुणांचा आहे, निकष 83. पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत, श्रेणी देतात. 90 टक्क्यांच्या वर गेला तर 'दक्ष', त्याखाली 'उत्कर्ष', 'अतिउत्तम', 'उत्तम', असं उतरत 'आकांक्षी' पर्यंत. 600 मधले 290 गुण मुलं काय शिकली, किती टिकली यावर. वर्गातल्या अध्यापनाला 90, कारभाराला 84, इमारत आणि मुलांना मिळणाऱ्या सोयींना 51, डिजिटल शिक्षणाला 50. शाळेची सुरक्षितता आणि बालसंरक्षण याला 35.

हे शेवटचे दोन आकडे मला खटकतात. 2019 ला आणि 2021 ला पंचगंगेनं काय केलं ते शिरोळ-करवीरच्या लोकांना सांगायला नको. ज्या जिल्ह्यात पावसाळा आला की नदीकाठच्या शाळांच्या पोटात गोळा येतो, तिथं संगणकापेक्षा सुरक्षिततेला कमी गुण? माझ्या हातात असतं तर मी हे उलट केलं असतं.

आता त्या 290 कडं या, कारण सगळं वजन तिथं आहे. मुलं काय शिकली हे 2021 पर्यंत कळायचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणातून. 2021 ला ते झालं 12 नोव्हेंबरला. तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीचं. तारीख लक्षात ठेवा. आपल्या राज्यात कोरोनानंतर ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग सुरू झाले 1 डिसेंबर 2021 ला. म्हणजे तिसरीच्या ज्या पोरांची परीक्षा घेतली, त्यांचा वर्ग अजून रीतसर भरलाच नव्हता. पहिलीचा शेवटचा थोडा भाग आणि अख्खी दुसरी त्यांनी घरात काढलेली. त्या गुणांवरून एखाद्या गुरुजींना नावं ठेवणं मला पटत नाही.

शिवाय हे सर्वेक्षण नमुन्याचं आहे. काही शाळा, त्यातली काही मुलं. त्यावरून जिल्ह्याचा अंदाज बांधता येतो, एका शाळेचा नाही. समजा वाडीवरच्या शाळेत आठ मुलं आहेत. एक मूल म्हणजे साडेबारा टक्के. त्या दिवशी एकाला ताप आला, एक मामाच्या गावाला गेला, की निकाल 25 टक्क्यांनी हलला. शिकवण्यात काहीच फरक नाही, तरी आकडा कोसळला. गगनबावडा, शाहूवाडी, आजऱ्याकडच्या पालकांनी हे पक्कं ध्यानात ठेवावं.

मग शाळा जोखायची कशी? माझं म्हणणं एकच आहे: मूल कुठं आहे यापेक्षा ते कुठून कुठं आलं ते बघा. समजा एका शाळेत जूनमध्येच दहातली आठ मुलं सफाईनं वाचत होती आणि मार्चमध्येही आठच. दुसऱ्या शाळेत जूनला दोन वाचत होती, मार्चला सहा. पेपरात पहिली शाळा वर दिसेल. मी माझं मूल दुसऱ्या शाळेत घालीन.

मला हे शिकवलं एका मुलीनं. बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळीतली, तिसरीतली. दिवाळीनंतर आली. पहिल्या दिवशी पुस्तक उलटं धरून बसली. ओळीतलं एकेक अक्षर बोटानं दाबायची, जणू ते पळून जाईल. फेब्रुवारीत एका दुपारी तिनं 'पाऊस आला, मोर नाचला' असं पूर्ण वाक्य न अडखळता वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. मार्चमध्ये गाळप संपलं, टोळी गेली. शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते; तेव्हा ही मुलगी आमच्याकडं आलेलीच नव्हती. वार्षिक परीक्षेला ती निघून गेलेली. चार महिन्यांत तिनं जेवढी मजल मारली तेवढी वर्गात कुणी मारली नव्हती, आणि माझ्या कुठल्याच तक्त्यात तिला रकाना नव्हता.

1917 ला शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला 1 रुपया दंड ठेवला. त्या काळी 1 रुपया थोडा नव्हता. एकही मूल सुटता कामा नये, हा तो हट्ट. आजच्या मोजमापात सुटणारी मुलं बहुतेक फडावरची आणि वीटभट्टीवरचीच आहेत.

आता तुमच्या हातातलं सांगतो. राज्यात वर्षातून तीनदा चाचणी होते: सुरुवातीला पायाभूत, मग संकलित एक आणि संकलित दोन. पेपर राज्याकडून येतात, तपासतात वर्गशिक्षकच. पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा 'शाळेची श्रेणी काय' असं विचारू नका. पायाभूत आणि संकलित दोनचे गुण शेजारी शेजारी ठेवून बघायला मागा. वर्गात मागं पडलेली मुलं किती होती, त्यातली किती पुढं आली आणि त्यांच्यासाठी रोज किती वेळ दिला जातो, हे विचारा. गुरुजींवर रोख धरून नको, बसून, चहा घेत विचारा. शालेय व्यवस्थापन समितीत कमीत कमी तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, कायद्यानंच. शाळा विकास आराखडा तीच समिती करते, त्यात हे लिहून घेता येतं.

आणि घरी आज रात्री एक करा. दुसरीच्या पुस्तकातला कुठलाही एक उतारा मुलाला मोठ्यानं वाचायला सांगा, आणि तारीख टाकून वहीत लिहून ठेवा, कुठं अडला, कुठला जोडाक्षराचा शब्द गाळला. तीन महिन्यांनी तोच उतारा पुन्हा वाचून घ्या. काय फरक दिसला ते खाली लिहा, मी एकेक वाचणार आहे.