चिरा, लिलाव आणि इंटरनेट

मंडळी, हा जांभ्या दगडाचा अर्धा चिरा सकाळीच खाणीवरून आणलाय. लाल भुकटी अजून हाताला लागते. खाली परात ठेवलीय. आता तांब्याभर पाणी ओततो. बघा, वर साचलं नाही; भोकाभोकांतून वाट काढत टपकायला लागलं. सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या पठारावरचा पाऊस असाच जांभ्यातून मुरत आपल्या विहिरींना येतो.

हीच भोकं सुटी असती, तर पाणी बोटभर आत जाऊन अडलं असतं. ती एकेक करून जोडत गेलात, तर बराच वेळ काहीच घडत नाही. मग एका टप्प्यावर मोजक्याच जोडण्या वाढतात आणि एकदम आरपार वाट होते. झिरपण्याचं हे गणित ब्रॉडबेंट आणि हॅमर्सली या संशोधकांनी १९५७ साली मांडलं.

इंटरनेट मला असंच वाढलेलं दिसतं. २९ ऑक्टोबर १९६९ला लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. एल आणि ओ पोचले, यंत्रणा बंद पडली. वर्षअखेरीस अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या त्या अमेरिकी जाळ्यावर, चार ठिकाणं होती. पुढे निरनिराळी जाळी निघाली, पण प्रत्येकाची बोली वेगळी. सगळी सुटी भोकं. १ जानेवारी १९८३ला अर्पानेटने टीसीपी-आयपी ही सामायिक बोली घेतली आणि भोकं एकमेकांत उघडू लागली. आपल्याकडे सर्वसामान्यांपर्यंत ते १५ ऑगस्ट १९९५ला आलं.

पण चिऱ्यातलं एक भोक साधारण दुसऱ्यासारखंच असतं, इंटरनेट तसं नाही. हर्णै बंदरातला मासळीचा लिलाव आठवा. व्यापारी जास्त म्हणून होड्या तिथे लागतात, होड्या जास्त म्हणून आणखी व्यापारी येतात. बाराबाशी आणि रेका आल्बर्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये जाळ्यांबद्दल हेच सांगितलं: नवा येणारा आधीच गजबजलेल्या ठिकाणी जोडला जातो. अशा जाळ्यातली चार ठिकाणं सहज कुठेतरी गळाली, तरी बहुधा बाकीचं चालतं. मोठी ठिकाणं नेमकी गेली, तर तुकडे पडतात.

वडाची उपमाही मला फार आवडते. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या विशाल वडाचं मूळ खोड बुरशीने पोखरलं, १९२५ला ते काढावं लागलं; झाड पारंब्यांवर आजही उभं आहे. अर्पानेटही १९९०ला बंद केलं. इंटरनेट वाढतच राहिलं.

मात्र झाड शाबूत असलं, म्हणून शेवटच्या फांदीला पाणी पोचतंच असं नाही. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडकडे वीज गेली, टॉवर बंद पडले. मुंबईतली माणसं गावच्या आईवडिलांचा नंबर पुन्हा पुन्हा फिरवत बसली. त्या वेळी जगाचं जाळं व्यवस्थित चालू होतं. गजबजलेल्या ठिकाणी दहा वाटा, आणि आमच्या वाडीला एक! हे मला अजूनही सलतं.

आता चिरा उचलतो. खालून बघा. मधला भाग चिंब झालाय, हा कोपरा मात्र कोरडा आहे. इथलं एकुलतं भोक मातीने बुजलंय.