आधी अंगण, मग खोली

श्रोतेहो, नमस्कार. गावात शाळा बांधायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, खोल्या किती? मी म्हणतो, आधी अंगण बघा. आधी अंगण, मग खोली.

आमच्या गिरणाकाठच्या एका गावात गावकऱ्यांनी शाळेसाठी जागा दिली. मधोमध जुना कडुनिंब. त्याच्याखाली वर्गासाठी ओटा बांधायचा ठरलं. ज्येष्ठ मंडळी म्हणाली, पश्चिमेला बांधा, रस्त्यावरून दिसेल. मी पोरांना चुन्याची डबी दिली. दर तासाला सावलीच्या कडेने रेघ मारायची. दोन दिवस रेघा चालल्या. एक बकऱ्या चारणारा पोरगा मात्र हसत उभा. म्हणाला, "गुरुजी, हाई ते बकऱ्यासले बी ठाऊक शे!" आणि बोट दाखवलं. झाडाच्या पूर्वेला, जरा उत्तरेकडे झुकून, लेंड्यांचा थर. पश्चिमेला जवळजवळ काही नाही. भरदुपारनंतर बकऱ्या जिथे बसतात, तिथेच सावली. चुन्याच्या रेघाही तिथेच गेल्या होत्या! ओटा पूर्वेला झाला. मार्चपासून सकाळची शाळा, तेव्हा सावली पश्चिमेला. म्हणून तिकडे नुसती तरटं टाकतो.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या जळगावकडे सूर्य माध्यान्हीला बरोबर डोक्यावर येतो. काठी उभी करा, सावली तिच्या पायातच. नेमकी तेव्हा सुट्टी! पोरं तरी येतात, काठ्या घेऊन.

असं शिक्षण काही नवीन नाही. बालशिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडकांनी पालघरकडच्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती. आपल्या पांझरा नदीकाठी फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वाटून घ्यायच्या जुन्या रीतीत, पाण्याच्या पाळ्या कशा लावतात, ते बांधावर उभं राहून बघितलं की भागाकार वेगळा शिकवावा लागत नाही.

शाळेत मुलांनी चूलही पेटवावी. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजावीत. गॅसवर भाजलेल्याला भरीत म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही, पण तो विषय वेगळा. आणि अंगणात फरशीचे ठोकळे बसवू नका! भुसावळ-जळगावच्या उन्हात त्यावर पाय ठेवून बघा एकदा. माती राहू द्या.

तर लक्षात ठेवा, आधी अंगण. सावली मोजा, मग पाया खोदा.

तो ओटा अजून आहे. रोज सकाळी पाळीप्रमाणे दोन मुलं तो झाडतात, कारण बकऱ्यांनी आपली जागा सोडलेली नाही.