आकडा सुधारला, रुग्ण सुधारला का? संप्रेरके आणि चयापचयाच्या विकारांवरील संशोधन

नमस्कार. मधुमेह, थायरॉईडचे विकार, लठ्ठपणा, रजोनिवृत्तीनंतरचे त्रास या सगळ्यांत डॉक्टर आणि रुग्ण दोघांचेही लक्ष बहुधा अहवालातल्या एखाद्या आकड्याकडे लागलेले असते. साखर किती आली, टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारे, मेंदूतल्या ग्रंथीचे संप्रेरक) किती आला, वजन किती उतरले. औषधाने हा आकडा खाली आणता येतो आणि तो आणल्याचे समाधानही मिळते. परंतु त्यामुळे रुग्णाचे आयुष्य वाढले का, त्याचे डोळे, मूत्रपिंडे आणि हृदय सुरक्षित राहिले का, किंवा निदान त्याला बरे तरी वाटू लागले का, हे प्रश्न निराळे आहेत. या विकारांवरील वैद्यकीय संशोधनाची गेली चाळीसएक वर्षे बरीचशी हेच तपासण्यात गेली आहेत आणि आजचा व्हिडिओ त्याविषयी आहे.

काही वेळा ही तपासणी करावीच लागत नाही. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या मधुमेह झालेल्या चौदा वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाचा अर्क, म्हणजेच इन्शुलिन, टोचण्यात आला. अर्क अशुद्ध होता, गुण फारसा आला नाही आणि सुईच्या जागी गळू मात्र झाले. जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून देण्यास सुरुवात झाली, तेव्हा लघवीतली साखर जवळपास नाहीशी झाली आणि मुलाच्या अंगात ताकद येऊ लागली. तुलनेसाठी दुसरा गट ठेवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण इन्शुलिन न मिळालेल्या अशा मुलांचे काय होते हे सर्वांना ठाऊक होते.

पण इन्शुलिनमुळे रुग्ण जगू लागले आणि पंधरा-वीस वर्षांनी त्यांची दृष्टी जाऊ लागली, मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. हे वाढलेल्या साखरेमुळे होते की मधुमेहाबरोबर ते अटळच असते, यावर तज्ज्ञांमध्ये कित्येक दशके प्रामाणिक मतभेद होते. त्याचा निकाल लावण्यासाठी अमेरिका आणि कॅनडात १९८३ साली डीसीसीटी ही चाचणी सुरू झाली. पहिल्या प्रकारच्या, म्हणजे शरीरात इन्शुलिन जवळपास तयारच न होणाऱ्या मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले गेले. एका गटाला त्या काळच्या प्रथेप्रमाणे दिवसाला एक किंवा दोन इंजेक्शने, तर दुसऱ्याला तीन किंवा अधिक इंजेक्शने किंवा पंप, आणि बोटाला टोचून रोज अनेकदा साखरेची तपासणी. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा एचबीए१सी एका गटात सुमारे ९ टक्के राहिला आणि दुसऱ्यात सुमारे ७. ज्यांचे डोळे सुरुवातीला निरोगी होते त्यांच्यात दृष्टिपटलाचा विकार उद्भवण्याचा धोका या काटेकोर उपचाराने ७६ टक्क्यांनी घटला. साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याचे प्रसंग मात्र सुमारे तिप्पट झाले, आणि निकाल सांगताना हे दुसरे वाक्य पुष्कळदा गाळले जाते.

आता यावरून सरळ तर्क असा निघतो की ७ चांगले, तर ६ त्याहून चांगले. हा तर्क तपासण्यासाठी दुसऱ्या प्रकारच्या (इन्शुलिनचा प्रभाव पुरेसा न पडणाऱ्या) मधुमेहाच्या, हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा मोठा धोका असलेल्या १०,२५१ रुग्णांवर ॲकॉर्ड नावाची चाचणी झाली. रुग्णांचे सरासरी वय बासष्टच्या आसपास होते. एका गटात एचबीए१सी ६ च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट होते, दुसऱ्यात ७ ते ७.९ च्या दरम्यान ठेवण्याचे. अशा चाचण्यांवर एक स्वतंत्र देखरेख समिती असते. उपचार करणाऱ्यांना चालू चाचणीची तुलनात्मक आकडेवारी दिसत नाही, ती या समितीला ठरावीक काळाने दिसते. माझ्या मते साऱ्या व्यवस्थेतला हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग आहे. या समितीसमोर आलेल्या कागदांत काटेकोर उपचाराच्या गटात २५७ मृत्यू होते आणि दुसऱ्या गटात २०३. फेब्रुवारी २००८ मध्ये, सरासरी साडेतीन वर्षांनंतर, ती काटेकोर साखर-नियंत्रणाची बाजू थांबवण्यात आली.

आकडा अपेक्षेप्रमाणे उतरला होता आणि मृत्यू वाढले होते. याचे नेमके कारण काय, यावर अजून एकमत नाही. शिवाय त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ॲडव्हान्स या ११,१४० रुग्णांच्या चाचणीत ६.५ चे उद्दिष्ट ठेवूनही मृत्यू वाढले नाहीत, उलट मूत्रपिंडांना फायदा दिसला. तेव्हा यातून साखर वाढू द्यावी असा अर्थ कोणी काढू नये. एवढे मात्र झाले, की वयस्कर आणि आधीच हृदयविकार असलेल्या रुग्णासाठी उद्दिष्ट थोडे सैल ठेवावे आणि तरुण रुग्णासाठी कडक, हा विचार उपचाराच्या नियमावल्यांमध्ये पक्का रुजला.

थायरॉईडचे उदाहरण याहून सौम्य, पण त्यामुळेच जास्त जणांना लागू पडणारे आहे. उतारवयात पुष्कळांचा टीएसएच किंचित वाढलेला आढळतो, तर प्रत्यक्ष थायरॉईड संप्रेरक मर्यादेतच असते. त्यात थकवा असला की गोळी सुरू होते. युरोपातील ट्रस्ट या चाचणीत पासष्ट वर्षांवरील अशा ७३७ व्यक्तींपैकी निम्म्यांना लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड संप्रेरकाची गोळी, आणि निम्म्यांना हुबेहूब दिसणारी, औषध नसलेली गोळी देण्यात आली. २०१७ साली निकाल आला. वर्षभरात औषधाच्या गटात टीएसएच सरासरी ६.४ वरून ३.६ पर्यंत उतरला होता. थकव्यात आणि इतर लक्षणांत मात्र दोन्ही गटांमध्ये काहीही फरक नव्हता. गंमत अशी, की औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचाही टीएसएच ५.५ पर्यंत आला होता. सतत खाली-वर होणारे माप जेव्हा जास्त आले तेव्हाच आपण व्यक्तीची निवड केली, तर पुढच्या मापात ते बहुधा आपोआपच थोडे उतरते. तुलनेचा गट नसता, तर ही उतरणसुद्धा औषधाच्या खात्यावर जमा झाली असती. (ज्यांचे थायरॉईड संप्रेरकच कमी पडते त्यांचा या निकालाशी संबंध नाही, त्यांनी हा व्हिडिओ पाहून गोळी बंद करू नये.)

संप्रेरकांचे माप असे फसवे असण्याचे कारण शरीर स्वतःच त्याला सतत सावरत असते. साखर वाढली की इन्शुलिन वाढते, इन्शुलिन वाढले की साखर उतरते. यात इन्शुलिन किती काम करते ते वेगळे काढून कसे मोजायचे? त्यासाठी १९७९ साली राल्फ डीफ्रॉन्झो आणि सहकाऱ्यांनी जी पद्धत मांडली, तिला ग्लुकोज क्लॅम्प म्हणतात. व्यक्ती उपाशीपोटी पलंगावर पडून असते. एका हाताच्या शिरेतून इन्शुलिन ठरलेल्या वेगाने जात राहते. दुसरा हात ऊब देणाऱ्या पेटीत ठेवतात, म्हणजे त्या हाताच्या शिरेतले रक्त धमनीतल्या रक्तासारखे होते, आणि दर पाच मिनिटांनी तिथून थोडे रक्त काढून साखर तपासली जाते. साखर उतरू लागली की सलाईनमधून ग्लुकोजचा वेग वाढवायचा, चढू लागली की कमी करायचा, असे दोनेक तास चालते. शेवटी रक्तातली साखर होती तेवढीच राहिलेली असते आणि ती तशी राखण्यासाठी किती ग्लुकोज ओतावे लागले, हेच उत्तर असते. जितके जास्त ओतावे लागले, तितके त्या शरीरात इन्शुलिन प्रभावी. उपाशीपोटी एकदाच घेतलेले साखरेचे माप या माहितीच्या जवळपासही जात नाही.

रजोनिवृत्तीनंतरच्या संप्रेरक उपचारांत प्रश्न आणखी वेगळा होता. मोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासांत या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हृदयविकार कमी दिसत होता, कोलेस्टेरॉलचे आकडेही अनुकूल होते. परंतु गोळ्या स्वतःहून घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक सुस्थितीतल्या आणि तब्येतीला जपणाऱ्या असू शकतात. अमेरिकेतील विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या संशोधन प्रकल्पात १६,६०८ स्त्रियांना गोळी कोणी घ्यायची हे नशिबावर सोपवले गेले, आणि जुलै २००२ मध्ये इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन ही संप्रेरके एकत्र देण्याची ती चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. हृदयविकार घटण्याऐवजी वाढला होता आणि स्तनांचा कर्करोग २६ टक्क्यांनी जास्त आढळला होता. या २६ टक्क्यांनी जगभर घबराट उडवली. मूळ आकडे असे होते: दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला ३० ऐवजी ३८. दोन्ही विधाने खरी आहेत, पण ऐकणाऱ्यावर होणारा परिणाम सारखा नाही, आणि माझे स्पष्ट मत आहे की पहिले विधान दुसऱ्याशिवाय छापूच नये. शिवाय या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. नुकतीच पाळी थांबलेल्या, अंगातून वाफा येऊन झोप उडालेल्या पन्नाशीतल्या स्त्रीला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावण्यात घाई झाली, हे पुढच्या विश्लेषणांनी दाखवले.

मधुमेहाच्या औषधांबाबत नियमच बदलण्याची वेळ २००७ साली आली. रोझिग्लिटाझोन हे औषध १९९९ पासून बाजारात होते, साखर नीट उतरवत होते. अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात त्याने हृदयविकाराच्या झटक्याचा धोका ४३ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. हा धोका कितपत खरा यावर पुढे बराच वाद झाला आणि २०१३ साली अमेरिकेने त्यावरचे निर्बंध सैलही केले, परंतु तोपर्यंत तेथील अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २००८ मध्ये नवा दंडक घालून दिला होता: मधुमेहाच्या नव्या औषधाने केवळ साखर उतरवून चालणार नाही, हृदयाला अपाय होत नाही हेही दाखवावे लागेल.

कंपन्यांना हा खर्चिक भुर्दंड वाटला. त्याच दंडकापायी एम्पाग्लिफ्लोझिनची ७,०२० रुग्णांवर चाचणी झाली आणि २०१५ साली निकाल आला. हे औषध मूत्रपिंडांवाटे साखर लघवीत सोडते. दोन्ही गटांत साखरेवरची इतर औषधे चालूच असल्याने एचबीए१सीमधला फरक सुरुवातीला जेमतेम अर्ध्या टक्क्याचा होता आणि पुढे त्याहूनही कमी झाला. तरीही हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू औषध नसलेल्या गोळीच्या गटात ५.९ टक्के, तर औषधाच्या गटात ३.७ टक्के होते. साखरेतल्या एवढ्याशा फरकाने हे घडणे शक्य नव्हते, म्हणून याच वर्गातली औषधे नंतर हृदय कमकुवत झालेल्या, पण मधुमेह नसलेल्या रुग्णांनाही देऊन पाहिली गेली आणि त्यांनाही गुण आला. आज ती अशा रुग्णांना नियमितपणे दिली जातात आणि ज्या आकड्यासाठी ती बनवली गेली, तो त्यांच्या अहवालात मुळातच बिघडलेला नसतो.