ऑइल बदललं अन् गिअरबॉक्स गेला? आधी पुरावा वाचवा!

नमस्कार मंडळी! सर्व्हिसिंगच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न येऊन राहिला: "भाऊ, ऑइल बदलून आणलं अन् गिअरबॉक्स आवाज करायला लागला. आता काय करू?"

गाडी चालवू नका, टो करा, बिल अन् जॉब कार्ड (गॅरेजनं कामाची नोंद केलेला कागद) सांभाळा. हे माहीतच आहे तुम्हाला. खरा घोळ पुढे होतो. तोच मेकॅनिक म्हणतो, "आणा, खोलून पाहून घेऊ." इथं हो म्हणायचं नाही!

माझ्या मावसभावाची सीव्हीटी गाडी, म्हणजे बेल्ट अन् पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. इंजिन ऑइल बदललं, अन् वर्धा रोडवर आरपीएम चढतायत पण गाडी ओढतच नाही. डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल मोजायची पट्टी काढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर. खाली टॉर्च मारला. इंजिनचा ड्रेन बोल्ट, म्हणजे ऑइल काढायचा बोल्ट, जुन्या मातीनं माखलेला, कोणी हातही न लावलेला. गिअरबॉक्सच्या बोल्टच्या कडा मात्र पान्यानं ताज्या घासलेल्या, चकचकीत. म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल काढून टाकलं आणि इंजिनात जुन्यावरच नवीन ओतलं! बोल्टला कोणी हात लावायच्या आधी फोटो काढले, म्हणून गॅरेजवाल्याला कबूल करावं लागलं.

समजा नुसतं काढून टाकलं नाही, तर गिअरबॉक्समध्ये चुकीचं ऑइल भरलं. सीव्हीटीला सीव्हीटी फ्लुइडच लागतं, साधं एटीएफ (बाकीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चालत नाही, बेल्ट पुलीवर घसरतो. ही चूक कळणार कशावरून? आत जे आहे त्यावरूनच ना! ते ड्रेन होऊन गेलं की "तुमचा गिअरबॉक्स आधीच खराब होता" म्हणायला तो मोकळा.

एकानं लिहिलंय, "त्यांनी नवीन ऑइल भरून दिलं, आता बरी चालते." अहो, जुन्या ऑइलमध्ये धातूचा चुरा किती होता, ते पाहिलं का कोणी? आत किती घासलं, ते त्या चुऱ्यावरूनच कळतं. म्हणून कळकळीनं सांगतो, दुसऱ्या वर्कशॉपमध्ये, तुमच्यासमोर खोला. ऑइल किती निघालं, कसं होतं, किलोमीटर रीडिंग काय, सगळं लेटरहेडवर लिहून घ्या. थोडं ऑइल स्वच्छ बाटलीत सील करून तुमची अन् वर्कशॉपवाल्याची, दोघांच्या सह्या घ्या.

"मेकॅनिक ओळखीचा आहे, लिहून कसं मागू?" ही कमेंट वाचली की जीव तुटतो. नवा गिअरबॉक्स लाखाच्या घरात जातो हो! ओळखीतच तर लिहून घ्यायचं.

मग गॅरेजला लेखी मागणी करा. ऐकलं नाही तर 1915, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारीची मुदत 2 वर्षं आहे. काम पुण्यात झालं असलं तरी तुम्ही नागपुरात राहता, तर तक्रार इथंच करता येते.

आणि बिलच दिलं नाही म्हणणाऱ्यांनो, यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं डिलीट करू नका. बिल न देणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीत तेही लिहा.