पेरुजाच्या चॉकलेटमधली चिठ्ठी

नमस्कार श्रोतेहो. इटलीतलं प्रेम म्हटलं की आपल्याला व्हेनिसचं पाणी, होड्या आणि चांदणं आठवतं. मी मात्र तुम्हाला आज पेरुजाला नेणार आहे. उंब्रिया प्रांतातलं डोंगरावरचं गाव, आणि तिथला एक चॉकलेटचा कारखाना.

लुइझा स्पान्योली. नाव लक्षात असू द्या, लुइझा स्पान्योली. मासे विकणाऱ्याची लेक, जन्म 1877 चा. 1907 मध्ये नवरा आणि काही भागीदार यांच्याबरोबर तिने पेरुजीना ही कंपनी काढली. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, तेव्हा कारखान्याचा गाडा तिनेच ओढला. कामगार बायकांच्या मुलांसाठी तिथेच पाळणाघर काढलं. आपल्याकडे पन्नास माणसं कामाला असली की पाळणाघर हवं, असा कायदा झाला 2017 मध्ये! आणि अजूनही पाळणाघर म्हटलं की मालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. मला याची फार चीड येते. असो.

तर कारखान्यात हेझलनटचा चुरा रोज उरायचा. टाकून देणं लुइझाच्या स्वभावात नव्हतं. 1922 मध्ये तिने तो चुरा चॉकलेटमध्ये कालवला, गोळ्यावर एक अख्खा हेझलनट बसवला आणि वरून गडद चॉकलेटचा थर दिला. गोळा दिसायला ओबडधोबड, आवळलेल्या मुठीसारखा. म्हणून त्याचं नाव पडलं ‘कात्सोत्तो’, म्हणजे ठोसा. भागीदाराचा मुलगा जोव्हान्नी बुइतोनी तेव्हा कारभार बघायचा. त्याचं म्हणणं, दुकानातल्या मुलीकडे गिऱ्हाइकाने ‘एक ठोसा द्या’ असं मागायचं का? मग नाव बदललं. ‘बाची’ झालं, म्हणजे चुंबनं.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. जोव्हान्नी लुइझापेक्षा चौदा वर्षांनी लहान. ती लग्न झालेली, मुलांची आई. दोघांचा एकमेकांवर जीव जडला, पण त्यांनी तो कधी चव्हाट्यावर आणला नाही. नवं चॉकलेट झालं की चव बघायला त्याच्याकडे जायचं, हा तर कामाचाच भाग. पेरुजात सांगतात, की लुइझा त्या चॉकलेटभोवती, वेष्टणाच्या आत, एक चिठ्ठी गुंडाळायची. वरून बघणाऱ्याला नुसता नमुना. उघडणाऱ्याला पत्र. पुन्हा सांगते, वरून नमुना, आत पत्र!

पुढे कंपनीच्या जाहिरातींचं काम बघणाऱ्या फेदेरीको सेनेका या चित्रकाराने प्रत्येक बाचीत प्रेमाची एकेक ओळ घातली. डब्यावरचं जोडपं त्याला सुचलं फ्रांचेस्को हायेझच्या 1859 च्या चित्रावरून. ते चित्र मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात आहे. लुइझा 1935 मध्ये कर्करोगाने गेली. चिठ्ठी राहिली. आजही तो निळ्या चांदण्यांचा चंदेरी कागद सोडवला की आत पातळ, आरपार दिसणारा कागद असतो आणि त्यावर ओळ. इटलीत लोक आधी ओळ वाचतात, मग चॉकलेट तोंडात टाकतात. सकाळी सकाळी पुढे ढकललेले गुलाब मोबाइलवर येतात ना, त्यांच्यापेक्षा मला ही ओळ कितीतरी प्रिय आहे.

याच उंब्रियात तेर्नी हे गाव आहे. ज्याच्या नावाने 14 फेब्रुवारी साजरा होतो, तो संत व्हॅलेंटाइन तिथलाच बिशप मानतात. त्या वर्षी लग्न करणारी जोडपी फेब्रुवारीत त्याच्या चर्चमध्ये जमतात आणि एकमेकांना वचन देतात.

लग्नात पाहुण्यांना साखरेत घोळवलेले बदाम देतात. पांढरे, आणि मोजून पाच: आरोग्य, संपत्ती, सुख, संतती आणि दीर्घायुष्य. सुल्मोना गावचे बदाम नावाजलेले. आपल्या संक्रांतीच्या हलव्याच्याच जातीचे, फक्त काटा नाही.

आणि वेरोना! ज्युलिएटच्या नावाने तिथे जगभरातून पत्रं येतात, आणि तिथले स्वयंसेवक बसून त्यांना हाताने उत्तरं लिहितात. तुमच्या मनात काही साचलं असेल, तर पाकिटावर एवढंच लिहा: ज्युलिएट, वेरोना, इटली. पत्र पोचतं. फक्त पत्र टाइप करू नका, हाताने लिहा. नमस्कार.